पगाराची तारीख मागणारा माणूस : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीनिमित्त आमच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा ठेवण्यात आली होती. बहुतेकांनी जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज असे परिचयाचे विषय आधीच घेऊन ठेवले होते. माझे नाव उशिरा गेले, म्हणून यादीत उरलेला शेवटचा विषय सरांनी माझ्या पदरात टाकला. तो विषय म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. खरे सांगायचे तर हे नाव मी त्याआधी स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शकात फक्त एकदा वाचले होते. भारतीय कामगार चळवळीचे जनक, एवढ्या एका ओळीत तो माणूस तिथे संपला होता. एका ओळीवर सात मिनिटे काय बोलणार, या काळजीने मी ग्रंथालयात जाऊन बसलो.

त्याच दिवसांत आमच्या घरात दुसरीच काळजी होती. माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला जातात. आपल्या वाशीम जिल्ह्यात आता जिकडेतिकडे सोयाबीन दिसते. पण कारंजा, मंगरूळपीर, मानोरा या बाजूला कापूस अजून टिकून आहे आणि दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू होतो. बाबा रेच्यावर कापूस टाकतात. सकाळी आठला गेलेला माणूस संध्याकाळी पाचला सुटावा असा नियम. पण कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मशीन रात्री नऊ-दहापर्यंत चालते आणि मुनीम वहीत लिहितो एक हजेरी. कधी मर्जी झाली तर दीड. मार्चमध्ये हंगाम संपला तेव्हा शेवटच्या सव्वीस दिवसांची मजुरी मालकाकडे बाकी राहिली होती. पुढच्या हंगामात या, तेव्हा सगळा हिशोब करू, असे त्याने सांगितले. पुढचा हंगाम म्हणजे आठ महिन्यांनी. बाबा काही न बोलता घरी आले. मायने दुधाचा हिशोब लिहिण्यासाठी भिंतीवर लावलेली दिनदर्शिका होती, तिच्याकडे पाहत ते बराच वेळ बसून राहिले.

अशा मनःस्थितीत मी लोखंडे वाचायला घेतले. म्हणून हे चरित्र मी जसे वाचले तसेच सांगणार आहे. त्यात माझ्या घरातली गोष्ट अधूनमधून डोकावली तर वाचकांनी क्षमा करावी.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. त्यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, फुलमाळी समाजाचे. परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण ठाण्यातच झाले आणि पुढे शिकण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी नोकरी धरली. काही काळ रेल्वेत, काही काळ टपाल खात्यात काम केल्यावर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे सामानाचा हिशोब ठेवणारा. किती तेल आले, किती गेले, किती पट्टे झिजले, किती गाठी फुटल्या, याची नोंद करायची. वरकरणी ही अगदी साधी कारकुनी. परंतु त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याचे बीज मला या नोकरीत दिसते. गिरणीत प्रत्येक वस्तूची नोंद होती. माणसाच्या तासांची मात्र नव्हती. हे ज्याच्या ध्यानात आले तो माणूस स्वतः हिशोबाच्या वहीपाशी बसलेला होता.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची उभारणी केली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांचे रान माजले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे वऱ्हाडात पोचली. आपल्या काळ्या मातीतला कापूस बैलगाड्यांतून आगगाडीपर्यंत आणि आगगाडीने मुंबईपर्यंत जाऊ लागला. तिकडे कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून पोट भरायला आलेली माणसे त्याचे सूत काढीत होती. आपला आणि परळच्या गिरणगावाचा संबंध असा दीडशे वर्षांचा आहे.

या गिरण्यांत कामाचा दिवस घड्याळावर नसे, सूर्यावर असे. दिसू लागले की यंत्र सुरू, दिसेनासे झाले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. पगार मात्र बारा महिने तेवढाच. उन्हाळ्यातले ते वाढीव तास कोणाच्या खात्यावर जमा होत होते, हा प्रश्न विचारायला कोणी नव्हते. दुपारच्या विश्रांतीची ठरलेली वेळ नव्हती. यंत्र चालू असतानाच भाकरीचे दोन घास खायचे. सणवार सोडले तर ठरलेली सुट्टी नव्हती, आणि रविवारी यंत्रे पुसायला बोलावून घेत तेव्हा अर्धा दिवस त्यात जाई. लहान मुले आणि बाया यांचीही त्यातून सुटका नव्हती.

याहून वाईट गोष्ट पगाराची होती. महिना भरला तरी त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर किंवा त्यानंतर केव्हातरी हाती पडे. म्हणजे कामगाराचे महिना-दीड महिन्याचे पैसे नेहमीच मालकाकडे अडकलेले. सूचना न देता काम सोडले तर ती बाकी बुडाली असे समजायचे. शिवाय कापडात दोष निघाला, यायला उशीर झाला, या नावांखाली दंड कापला जाई तो वेगळा. मधल्या दिवसांत खायचे काय? मग वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. पगार उशिरा मिळतो म्हणून कर्ज, कर्ज आहे म्हणून काम सोडता येत नाही, आणि काम सोडता येत नाही म्हणून कितीही तास राबवले तरी तोंड उघडता येत नाही. थकलेला पगार हीच कामगाराच्या पायातली बेडी होती.

हे वाचताना मी थांबलो. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जातात. त्यांना मुकादम आधीच उचल देतो आणि त्या उचलीने बांधून ठेवतो. बाबांसारख्यांना उचल मिळत नाही, उलट त्यांचीच बाकी मालक मागे ठेवतो. एकाला आधी देऊन बांधायचे, दुसऱ्याला नंतर देतो म्हणून बांधायचे. दोरी एकच, टोके दोन.

आता लोखंड्यांकडे वळू. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्यांच्या विचारांनी भारावलेल्या तरुणांत नारायणराव होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले होते. शेतकरी, कष्टकरी यांचे गाऱ्हाणे मांडणारे ते पत्र पैशांअभावी बंद पडण्याच्या वाटेवर आले. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत नेले आणि अखेरपर्यंत चालविले. मुंबईतील तेलुगू समाजाच्या सत्यशोधक मंडळींनीही या कामाला हात दिला. गिरणीत मजूर किती तास राबतात, कोठे पगार थकला, कोठे अपघातात कोणाचा हात गेला, या गोष्टी आता छापून येऊ लागल्या. त्या काळची मोठमोठी पत्रे गिरणी उद्योगाचा अभिमान बाळगीत आणि मजुरांसाठी कायदा करणे म्हणजे लँकेशायरच्या गोऱ्या गिरणीवाल्यांचे हित पाहणे, असे मांडीत. त्यात काही तथ्य नव्हते असे नाही. हिंदी गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरला खुपत होती हे खरेच आहे. परंतु म्हणून परळच्या बाईने चौदा तास उभे राहावे, हे लोखंड्यांना मान्य नव्हते.

गुरू-शिष्यांत नेहमीच एकमत होते असेही नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे दीनबंधुत आली आणि पुढची छापायचे लोखंड्यांनी थांबविले. सरकारवरची ती जहाल टीका पत्राला झेपणार नाही असे त्यांना वाटले असावे. जोतीराव यावर नाराज झाले. तरीही ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली, तेव्हा त्या समारंभासाठी झटणाऱ्यांत लोखंडे होते. मतभेद झाला तरी मनभेद होऊ न देणारी ही माणसे होती.

हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या दयाळू पारशी गृहस्थांनी त्यासाठी आधी खटपट केली होती. पण त्या कायद्याने पाहिले ते मुख्यतः मुलांकडे. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि बारापर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढेच. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल, बायांबद्दल आणि पगाराबद्दल त्यात अक्षर नव्हते. शंभरापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्याला तो लागूही नव्हता.

या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. आयोग म्हटला की साहेब लोक येणार, मालकांच्या साक्षी होणार, मजुरांच्या वतीनेही मालकच बोलणार, हे ठरलेले. लोखंड्यांनी ही रीत मोडली. त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगाला सादर झाला. निरक्षर माणसांचा तो काळ! पण आपले मागणे कागदावर जावे आणि त्याखाली आपली खूण असावी, ही गोष्ट साडेपाच हजार जणांना पटवून देणे, हेच मुळात केवढे मोठे काम झाले असेल!

त्या अर्जातील मागण्या थोडक्यात अशा. दर रविवारी सर्वांना पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

पहिल्यांदा वाचल्यावर माझी थोडी निराशा झाली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. एवढ्या मोठ्या नेत्याने आठ तास मागितले नाहीत, पगारवाढ मागितली नाही, आणि मागितले काय, तर पंधरा तारीख! भाषणात टाळ्या पडाव्यात असे त्यात काही नव्हते. परंतु रात्री घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहताना त्या मागणीचे मोल मला कळले. बाबांना मालकाने पैसे देणार नाही असे म्हटलेच नव्हते. देतो, म्हटले होते. फक्त तारीख सांगितली नव्हती. तारीख नसलेले आश्वासन कोणी मोडले असे कधी सिद्धच करता येत नाही. लोखंड्यांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट मोजता येणारी होती. साडेसहा, अर्धा तास, रविवार, पंधरा तारीख. मालक दयाळू आहे की कठोर, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. स्टोअरकीपरने माणसाच्या वेळेची वही उघडली होती.

आयोगापुढे त्या वेळी मुंबईबाहेरचीही हकीकत आली. खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत बाया पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत काम करीत आणि निकड असली तर रात्रंदिवस यंत्र चाले. खानदेश म्हणजे वऱ्हाडाचा शेजार. कापूस तोच, रेचे तेच, हंगामही तोच. आजही कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जिनिंगमध्ये रात्र होते, हे मी माझ्या घरी पाहिलेले आहे.

१८८४ च्या अर्जाने लगेच काही पदरात पडले नाही. सरकारी कामाची चाल तेव्हाही मंदच होती. लोखंड्यांनी मात्र धीर सोडला नाही. सभा, अर्ज, दीनबंधुतील लेख हे चालूच राहिले. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी तरी देवाला आणि घराला वेळ मिळावा, असे ते लोकांना पटवीत, असे सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० सालच्या मुंबईत गिरणीतली बाई दहा हजार पुरुषांपुढे उभी राहून आपल्या कामाविषयी बोलते, ही गोष्ट आजही मला मोठी वाटते. साप्ताहिक सुट्टीच्या मागणीचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मागणी मान्य केली.

हल्ली मोबाइलवर दरवर्षी एक मजकूर फिरतो की, साऱ्या भारताला रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. लोखंड्यांनी मिळविला तो ज्यांना कोणताच वार नव्हता त्या गिरणी कामगारांचा रविवार. अतिशयोक्तीने त्यांचे थोरपण वाढत नाही. खरी हकीकतच पुरेशी मोठी आहे.

याच वर्षी सरकारने पुन्हा एक फॅक्टरी आयोग नेमला आणि त्यात मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंड्यांना घेण्यात आले. १८९१ च्या नव्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास ठरले. पन्नास माणसे असलेला कारखानाही आता कायद्यात आला. मोठ्या पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा पडली नाही आणि पगाराच्या तारखेचे नावही त्यात नव्हते.

लोखंड्यांच्या संघटनेला नाव ठेवणारेही होते. सरकारी अहवालातच पुढे असे नमूद झाले की, या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे कोणीही कामगार आला तर त्याला फुकट सल्ला देणारे गृहस्थ आहेत, इतकेच. इतिहासकार हे वाक्य संघटनेचा कमकुवतपणा दाखवण्यासाठी देतात आणि ते चूक नाही. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. पण मला त्यात वेगळेच चित्र दिसते. दिवसभर राबलेला एखादा साचेवाला अंधारातून त्यांच्या दारात येतो, आपला दंड कसा कापला ते सांगतो, आणि हा माणूस दौत-टाक पुढे ओढून त्याचा अर्ज लिहायला बसतो. ज्याला कोणाकडे जावे हे ठाऊक नाही, त्याला असे एक दार असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्या दाराची गरज पडल्याशिवाय कळत नाही.

त्यांचे कार्य गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करण्याच्या दुष्ट रूढीविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक बांधवांना एकत्र केले आणि शेकडो नाभिकांनी हे काम आम्ही करणार नाही असे ठरविले. लेख लिहून सुधारणा सांगणारे पुष्कळ होते. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशी बोलावे, हे सुचले लोखंड्यांना. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. दोन्ही धर्मांचे कामगार एकाच खात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे. लोखंड्यांनी राणीच्या बागेत हजारोंची एकोप्याची सभा भरविली आणि मने शांत करण्यासाठी अपार कष्ट घेतले. सरकारने त्यांना पुढे रावबहादूर हा किताब दिला. किताब मिळाल्यावर माणसे घरात बसतात, हे गृहस्थ रस्त्यावरच राहिले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. ज्यांना गावे होती ते गावी पळाले, गिरण्यांतले साचे थांबले. लोखंडे पळाले नाहीत. त्यांनी इतरांच्या साहाय्याने मराठा रुग्णालय सुरू केले आणि स्वतः रोग्यांची सेवा करू लागले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय उणेपुरे पन्नासही नव्हते. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. सत्यशोधकांनी आपले सत्य कसे शोधले याचे उत्तर या दोन तारखांत आहे.

त्यांच्या मागण्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या पुरुषांच्या तासांना कापड गिरण्यांपुरती पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने आली, ती बारा तासांची. जादा कामाला जादा दर, म्हणजे सव्वापट मजुरी, १९२२ साली कायद्यात आली. पगार ठरल्या तारखेला द्यावा, हा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले. हजारापेक्षा कमी माणसे असतील तर ७ तारखेच्या आत आणि अधिक असतील तर १० तारखेच्या आत. १८८४ मध्ये मागितलेली पंधरा तारीख बावन्न वर्षांनी मिळाली आणि मागितल्यापेक्षा आठ दिवस अलीकडची मिळाली! डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, त्या काळात आठवड्याला ४८ तासांचे विधेयक पुढे आले आणि १९४६ मध्ये ते कायदा झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर ठरविला. संसदेने २०१९ साली मंजूर केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतन संहिताही दुप्पट दर आणि ७ तारीख हेच सांगते, आणि थकलेल्या मजुरीसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत देते. २००५ साली लोखंड्यांच्या नावाने टपाल खात्याने तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी एके काळी कारकुनी केली, त्याच खात्याने त्यांचा असा गौरव करावा, हा योगायोग सुखद आहे.

आता माझे राहिलेले सांगतो. वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला नाही. पण त्या रात्री मी बाबांना हंगामातले दिवस आठवायला बसविले. मायने दुधाच्या खुणा केलेल्या त्याच दिनदर्शिकेवर, तिच्या आठवणीने आणि शेजारच्या काकांच्या साक्षीने, मशीन रात्री किती वाजता बंद झाले ते आम्ही लिहीत गेलो. एकेचाळीस रात्री निघाल्या. एकशे त्रेसष्ट जादा तास. चारशे रुपये रोज म्हणजे तासाला पन्नास. दुप्पट दराने सोळा हजार तीनशे. त्यातून अकरा वेळा मिळालेली अर्धी हजेरी, म्हणजे बावीसशे, वजा केले. राहिले चौदा हजार एकशे. शिवाय सव्वीस दिवसांची मूळ मजुरी दहा हजार चारशे. बाबांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला. इतकी वर्षे त्यांनी तो कधी मांडलाच नव्हता. मालकाने अडवले म्हणून नव्हे, तर असे मांडता येते हेच कोणी सांगितले नव्हते म्हणून.

एकट्याने अर्ज द्यायला ते तयार नव्हते. पुढच्या हंगामात कामावर घेणार नाहीत, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. मग आणखी पाच जण तयार झाले. सहा सह्या, त्यांतले दोन अंगठे. लोखंड्यांच्या साडेपाच हजारांपुढे सहा म्हणजे काहीच नाही. पण आमच्या गल्लीत तो पहिलाच असा कागद होता. कामगार कार्यालयात अर्ज गेला, दोन्ही बाजूंना बोलावणे आले आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी सव्वीस दिवसांची मजुरी सहाही जणांच्या हातात पडली. जादा तासांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. मालकाची वही एक हजेरी दाखवते, आमची दिनदर्शिका चौदा तास दाखवते, आणि कोणते खरे मानायचे ते ठरायचे आहे. या हंगामात बाबांना त्या जिनिंगने बोलावले नाही. ते दुसरीकडे जातात, थोडे लांब, सायकलने.

म्हणून ही गोष्ट विजयाची आहे असे मी म्हणणार नाही. लोखंडेही त्यांची पंधरा तारीख न पाहताच गेले. पण आता बाबा रोज रात्री घरी आल्यावर हात धुण्याआधी भिंतीपाशी जातात आणि त्या दिवसाच्या चौकटीत दोन आकडे लिहितात, गेल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ. आकडे वेडेवाकडे आहेत, पण वाचता येतात. एकशे चाळीस वर्षांपूर्वी मांडवीच्या गिरणीतल्या एका स्टोअरकीपरने जी वही उघडली, तिचे एक पान आमच्या भिंतीवर आहे, एवढे मला पुरे आहे.